न्यायालयीन अभिलेख : सिंधुदुर्ग जिल्हा

न्यायालयापुढे चाललेल्या कामाची लेखी नोंद आणि त्या कामात दाखल झालेले कागदपत्र यांस न्यायालयीन अभिलेख म्हणतात. वादपत्र, प्रतिवादीची कैफियत, साक्षीदारांच्या जबान्या, निशाणी क्रमांक घालून दाखल करून घेतलेले दस्तऐवज, तारीखवार कामकाजाचा रोजनामा, निकालपत्र आणि हुकूमनामा हे दिवाणी अभिलेखाचे मुख्य घटक होत. हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी केलेल्या दरखास्तीचे कागद त्यास पुढे जोडले जातात. फौजदारी अभिलेखात फिर्याद, तपासाचे कागद, दोषारोप, साक्षी व न्यायनिर्णय यांचा समावेश होतो. असे अभिलेख हे पक्षकारांच्या हक्कांचे प्रमाण असतात, आणि काळ लोटल्यावर ते समाजाच्या इतिहासाचे साधनही ठरतात.

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकास असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या बाबतीत या अभिलेखांना विशेष महत्त्व आहे. मालवण, वेंगुर्ले, देवगड व सावंतवाडी ही एकमेकांपासून फार दूर नसलेली गावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तीन वेगवेगळ्या सत्तांखाली होती. प्रत्येक सत्तेचे दप्तर निराळे, न्यायाची रीत निराळी आणि कागद ठेवण्याची जागाही निराळी होती. त्यामुळे या किनाऱ्यावरील एखाद्या माडबागेचा, शेतजमिनीचा किंवा देवस्थानातील मानाचा जुना निवाडा शोधावयाचा असेल, तर ते गाव त्या वर्षी कोणाच्या अंमलाखाली होते, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की निवाड्याचा कागद मुळात पक्षकाराच्या घरी असे. तो सरकारी दप्तरात गेला तो इंग्रजी अंमलात. न्यायालयाकडे नक्कल मागण्याचा जो हक्क आज गृहीत धरला जातो, त्याचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

मराठेशाहीतील न्यायपत्रे : प्राचीन धर्मशास्त्रात विजयी पक्षास द्यावयाच्या लेखी निर्णयास ‘जयपत्र’ अशी संज्ञा आहे. वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय या सर्वांचा सारांश त्यात असावा, असे स्मृतिकार सांगतात. मराठेशाहीत ही परंपरा निराळ्या नावांनी चालू राहिली. वतन, वाटणी, शीव, मानपान यांविषयीचे तंटे बहुधा गोतसभेपुढे चालत. प्रथम दोन्ही पक्षांकडून निर्णय मान्य करू असा राजीनामा आणि जामीन घेतले जात. त्यानंतर पक्षकार आपापली तकरीर लिहून देत. घराण्याच्या हक्काची पूर्वपीठिका करीन्यात मांडली जाई. साक्षी घेऊनही निर्णय होईनासा झाला, तर क्वचित दिव्य करविले जाई. अखेरीस सभेत बसलेल्या सर्वांच्या साक्षीने महजर तयार होई आणि त्यावर अधिकारी, वतनदार व बलुतेदार आपापल्या निशाण्या करीत. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढी. कुणब्याचा नांगर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

विजयी पक्षास निवाडपत्र मिळे व त्याबद्दल तो सरकारात ‘हरकी’ भरी; पराभूत पक्षाकडून ‘गुन्हेगारी’ घेतली जाई, आणि आपला हक्क उरला नाही असे यजितखत त्याने विजयी पक्षास लिहून द्यावयाचे असे. म्हणजे खटल्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद विजयी घराण्याच्या पेटीत राही. सरकारी दप्तरात त्याची नोंद होई. परंतु तंटा पुन्हा उपस्थित झाला, तर मूळ कागद दाखविण्याची जबाबदारी त्या घराण्याची असे. कागद जळाला, पाण्यात भिजला किंवा भाऊबंदांनी दडविला, तर गोताच्या स्मरणाखेरीज दुसरा आधार उरत नसे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील ग्रंथात या पद्धतीचा तपशीलवार अभ्यास आढळतो.

सत्तांतरे आणि दप्तरांची विभागणी : आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा प्रदेश एका वेळी व एका मार्गाने इंग्रजांकडे आला नाही. मालवण व तेथील सिंधुदुर्ग किल्ला हे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढे तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे आले. त्याच वर्षी वाडीकर सावंत-भोसल्यांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिले. उत्तरेकडील विजयदुर्ग १७५६ पर्यंत आंग्र्यांच्या आणि त्यानंतर पेशव्यांच्या ताब्यात होता. तो व देवगडकडील मुलूख १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीबरोबर इंग्रजी अंमलाखाली आला. सावंतवाडी संस्थान मात्र टिकून राहिले. १८३८ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला, तरी संस्थानचे स्वतंत्र अस्तित्व व त्याची स्वतंत्र न्यायालये कायम राहिली. संस्थानचे विलीनीकरण १९४८ मध्ये झाले आणि सावंतवाडी व कुडाळ हे भाग रत्नागिरी जिल्ह्यास जोडण्यात आले.

या इतिहासाचा अभिलेखांवर थेट परिणाम झालेला आहे. १८१२ पूर्वीच्या मालवणविषयक कागदांचा माग कोल्हापूरच्या दप्तराकडे, तर १८१८ पूर्वीच्या विजयदुर्ग सुभ्याच्या कागदांचा माग पुण्याच्या पेशवे दप्तराकडे जातो. ही दोन्ही दप्तरे आता महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाच्या कोल्हापूर व पुणे येथील शाखांत आहेत. या विभागाचा उगम १८२१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सचिवालयाच्या अभिलेख कार्यालयात आहे. सावंतवाडी व कुडाळ येथील १९४८ पूर्वीचे निवाडे हे संस्थानी न्यायालयांचे निवाडे आहेत. ते रत्नागिरीच्या इंग्रजी न्यायालयांच्या नोंदवह्यांत सापडण्याची अपेक्षा धरणे चुकीचे ठरेल.

दक्षिणेस गोव्याची सीमा असल्याने आणखी एका दप्तराची भर पडते. पेडणे, डिचोली व सत्तरी हे पूर्वी सावंतवाडीकरांचे असलेले प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. बांदा, दोडामार्ग, शिरोडे या भागांतील अनेक घराण्यांचे नातेसंबंध व मिळकती सीमेपलीकडे आहेत. तिकडील वारसा व वाटणीची जुनी कामे पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज नागरी संहितेनुसार चाललेली असल्याने ती समजून घेण्यास निराळी तयारी लागते. गोव्याच्या अभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते; द्योगू दो कोतू हा इतिहासकार त्याचा पहिला अभिलेखपाल होता.

इंग्रजी अंमल : दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा १८१९ मध्ये निर्माण झाला. त्याचे मुख्य ठाणे प्रथम बाणकोट येथे होते. ते १८२२ मध्ये रत्नागिरीस हलविण्यात आले. १८३० मध्ये जिल्ह्याचा दर्जा कमी करण्यात आला आणि १८३२ मध्ये तो पुन्हा देण्यात आला. मौंट्स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी विनियमांची संहिता तयार झाली. तिच्यातील दुसऱ्या विनियमाने दिवाणी न्यायालयांची रचना ठरवून दिली. वारसांना मान्यता देण्याविषयीचा त्याच वर्षीचा आठवा विनियम तर आजही महाराष्ट्रात लागू असून वारस दाखल्याचे अर्ज त्याखाली चालतात. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले आणि सदर अदालतीचे अधिकार त्याच्याकडे आले. १८६९ च्या दिवाणी न्यायालय अधिनियमाने जिल्हा न्यायाधीश व त्याच्या हाताखालील दुय्यम न्यायाधीश अशी जी उतरंड घातली, तिच्यावर आजची रचना उभी आहे.

या व्यवस्थेने निवाड्याच्या कागदाचे स्थान बदलले. वादपत्रापासून हुकूमनाम्यापर्यंतचा प्रत्येक कागद न्यायालयाचा झाला. त्यावर क्रमांक पडला, नोंदवहीत त्याची नोंद झाली आणि निकालानंतर तो रुमालात बांधून दप्तरखान्यात ठेवण्यात आला. पक्षकाराच्या हाती उरली ती नक्कल. ही नक्कल मुळाइतकीच विश्वसनीय कशी मानावयाची, या प्रश्नाचे उत्तर १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने दिले. न्यायालयाच्या कामकाजाचा अभिलेख हा सार्वजनिक दस्तऐवज होय. तो पाहण्याचा ज्यास हक्क आहे, त्याने फी भरून मागणी केल्यास ‘खरी नक्कल’ असे प्रमाणित करून, दिनांक, सही, पदनाम व मोहर यांसह ती दिली पाहिजे. आणि अशी नक्कल मुळाच्या जागी पुराव्यात चालेल, असे त्याच्या ७४, ७६ व ७७ या कलमांचे तात्पर्य होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली असून याच तरतुदी आता त्याच्या ७४ ते ७६ या कलमांत आहेत. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आल्यास त्यावरील सही व लेखन अस्सल असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. ही पूर्वीच्या ९० व्या कलमाची तरतूदही नव्या अधिनियमाच्या ९२ व्या कलमात कायम आहे.

कोकणातील दाव्यांचे स्वरूप पाहता या नकलांचे मोल ध्यानात येते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोत व कूळ यांच्यातील तंटे हा न्यायालयीन कामाचा एक मोठा विषय होता. १८८० च्या खोती अधिनियमाने त्यांचे परस्परसंबंध ठरविण्याचा प्रयत्न केला आणि १९४९ च्या अधिनियमाने खोती पद्धत रद्द केली. याखेरीज सामाईक मिळकतीची वाटणी, माडबागा व भाटांची मालकी, वहिवाटीच्या पायवाटा, विहिरीचे पाणी, गावऱ्हाटीतील मानपान व देवस्थानची व्यवस्था हे विषय या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा न्यायालयात आलेले दिसतात. मुंबईस नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांची मिळकत गावी भाऊबंदांच्या कब्जात राही. दोन पिढ्यांनंतर हिस्सा मागावयाचा झाला, म्हणजे आजोबांच्या वेळचा वाटणीचा हुकूमनामा हाच निर्णायक पुरावा ठरतो. तो मिळाला नाही, तर आधी निकाली निघालेला तंटा पुन्हा पहिल्यापासून लढावा लागतो.

दप्तरखाना व अभिलेखांची वर्गवारी : निकाली कामांचे सर्वच कागद कायम ठेवले जात नाहीत. उच्च न्यायालयाच्या दिवाणी व फौजदारी नियमपुस्तिकांनुसार कागदांची वर्गवारी केली जाते. काही कागद कायम जतन होतात, तर काही ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्यात येतात. अशा विल्हेवाटीसाठी नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास अभिलेख नाश अधिनियम, १९१७ याने दिला आहे. साधारणतः निकालपत्र, हुकूमनामा व महत्त्वाच्या नोंदवह्या दीर्घकाळ टिकतात. समन्स, तहकुबीचे अर्ज, किरकोळ पत्रव्यवहार हे लवकर जातात. दाखल केलेले मूळ दस्तऐवज काम संपल्यावर व अपिलाची मुदत गेल्यावर हजर करणाऱ्यास परत मागता येतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या तेराव्या आदेशात तशी तरतूद आहे. त्यामुळे एखादी जुनी सनद न्यायालयाच्या रुमालात नसून ती हजर करणाऱ्या घराण्याकडे परत गेलेली असण्याचा संभव नेहमी लक्षात घ्यावा लागतो.

या वर्गवारीचा एक परिणाम इतिहासाच्या दृष्टीने गंभीर आहे. निकाल टिकतो, पण निकालापर्यंत पोहोचविणारी माणसांची जबानी पुष्कळदा टिकत नाही. कुळाने, गाबीत मच्छीमाराने किंवा विधवेने न्यायाधीशापुढे सांगितलेली हकीकत ही त्या माणसाच्या आयुष्याची एकमेव लेखी खूण असू शकते. निकालपत्रात तिचा दोन ओळींचा सारांश उरतो आणि तोही न्यायाधीशाच्या शब्दांत असतो. कोकणातील दमट हवा, दीर्घ पावसाळा व वाळवी यांमुळे नियमाने जपावयाचे कागदही जीर्ण होतात. अभिलेख गहाळ झाल्यास पक्षकारांजवळच्या प्रमाणित नकलांवरून त्याची पुनर्रचना केली जाते. अशा वेळी घरी जपून ठेवलेली नक्कलच न्यायालयाच्या उपयोगी पडते.

भाषा, लिपी व कालगणना : मराठेशाहीतील न्यायपत्रे आणि एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ मराठी कागद मोडी लिपीत आहेत. इंग्रजी न्यायालयांत पक्षकारांचे अर्ज व जबान्या मराठीत, तर न्यायाधीशाची टिपणे व निकालपत्रे बहुधा इंग्रजीत असत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडीचे शिक्षण बंद पडल्यावर ती वाचणारे थोडे उरले. परिणामी कागद हाती असूनही त्यातील मजकूर वारसांना कळत नाही, अशी स्थिती अनेक घराण्यांत आहे. महाराष्ट्र शासनाने दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून मराठी लागू करण्यासंबंधीची अधिसूचना २१ जुलै १९९८ रोजी काढली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामामुळे राज्यभर जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. त्या वेळी मोडी जाणणाऱ्यांची निकड पुन्हा प्रकर्षाने जाणवली.

जुन्या कागदांतील कालगणनाही जाणून घ्यावी लागते. शकवर्षात ७८ किंवा ७९ मिळविल्यास इसवी सन येतो. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. व्यक्तीची ओळख आडनावापेक्षा पित्याच्या नावाने दिलेली आढळते. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वल्द’ असे लिहून पित्याचे आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ असे लिहून पतीचे नाव येते. सावंतवाडीचा उल्लेख ‘सुंदरवाडी’ किंवा नुसता ‘वाडी’ असाही होतो. आजच्या आडनावावरून शोध घेणाऱ्यास यामुळे नोंद समोर असूनही ती ओळखता न येण्याचा धोका असतो.

शोध व नकलेचा अर्ज : निकाली काम शोधण्यास न्यायालयाचे नाव, कामाचा प्रकार, क्रमांक व वर्ष या चार गोष्टी लागतात. नियमित दिवाणी दाव्याचा जुना उल्लेख ‘रे. मु. नं.’ असा असतो. बजावणीच्या कामास दरखास्त क्रमांक, तर अपिलास स्वतंत्र क्रमांक असतो. क्रमांक ठाऊक नसल्यास तो अन्य कागदांवरून मिळविता येतो. सातबाराच्या उताऱ्यामागील फेरफार नोंदीत पुष्कळदा न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा उल्लेख असतो. नोंदणीकृत खरेदीखतातही पूर्वीच्या दाव्याचा निर्देश सापडतो. तोही मार्ग नसेल, तर पक्षकारांची नावे व अंदाजे वर्ष देऊन नोंदवह्यांत शोध घेण्यासाठी अर्ज करावा लागतो.

कागद नेमका कोणत्या कार्यालयाचा, हेही आधी ठरवावे लागते. कूळकायद्याखालील कामे आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याखालील वहिवाटीची कामे महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यांचे कागद तहसील वा प्रांत कार्यालयाच्या अभिलेखात असतात. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र यांच्या नोंदी दुय्यम निबंधकाकडे मिळतात. दिवाणी न्यायालयात त्यांचा शोध घेतल्याने केवळ कालापव्यय होतो. ज्या दाव्यात अपील झाले असेल, त्यात अंतिम हुकूमनामा अपील न्यायालयाचा असतो. म्हणून खालच्या न्यायालयाचा निकाल मिळाला तरी शोध तेथेच थांबविता येत नाही.

नकलेच्या अर्जावर मुद्रांकाच्या रूपाने न्यायालय फी लावली जाते आणि नकलेचा आकार निराळा भरावा लागतो. पक्षकारास नक्कल मिळण्यास सहसा अडचण नसते. त्रयस्थाने मात्र आपला हेतू सांगून न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. नकलेवर अर्जाचा, नक्कल तयार झाल्याचा व ती दिल्याचा असे दिनांक नमूद असतात. ही केवळ कार्यालयीन रीत नव्हे. मुदत अधिनियम, १९६३ याच्या १२ व्या कलमानुसार नक्कल मिळविण्यास लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो; त्यामुळे या दिनांकांवर अपील मुदतीत आहे किंवा नाही, याचा निर्णय अवलंबून राहतो.

सार्वजनिकता व तिच्या मर्यादा : न्यायदान उघडपणे व्हावे, हे भारतीय न्यायव्यवस्थेचे तत्त्व आहे. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत घातलेले १५३-ब हे कलम ते स्पष्ट करते. फौजदारी कामांपुरती तशीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या ३६६ व्या कलमात आहे. नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६६) या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने हे तत्त्व मान्य केले; तथापि न्यायाच्या हितासाठी प्रसिद्धीवर मर्यादा घालण्याचा न्यायालयाचा अधिकारही उचलून धरला. लैंगिक अपराधांतील पीडित व्यक्तीची ओळख, बालकांविषयीची कामे व बंद दालनात चाललेली प्रकरणे यांना कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अंमलात आल्यानंतर न्यायालयीन कागद त्याच्या आधारे मागता येतील काय, असा प्रश्न निर्माण झाला. गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उच्च न्यायालयाच्या नियमांत नकला देण्याची व्यवस्था असताना अर्जदाराने त्याच मार्गाने गेले पाहिजे, आणि त्रयस्थास कारण देण्याची अट योग्य आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत न्यायालयीन कागद पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा सामान्य हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला. तो निरपवाद नसला, तरी तेथे मागणाऱ्यास सहसा हेतू सांगावा लागत नाही. तेथे कौंटी या स्थानिक घटकाच्या कार्यालयात न्यायालयीन, वारसाविषयक व मिळकतीचे अभिलेख असतात. जुन्या कौंट्यांचे विभाजन होऊन नव्या झालेल्या असल्याने शोधकर्त्यास तेथेही आधी सीमांचा इतिहास पाहावा लागतो. सिंधुदुर्गातील शोधकर्त्यापुढील प्रश्न याहून फारसा निराळा नाही.

जिल्ह्याची निर्मिती व पुढील काळ : १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे मुख्य ठाणे ओरोस येथे असून जिल्हा न्यायालयही तेथेच आहे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, देवगड इ. ठिकाणी कनिष्ठ न्यायालये आहेत. १९८१ पूर्वीची जिल्हा पातळीवरील अपिले व सत्र खटले रत्नागिरी येथे चाललेले असल्याने त्या काळातील कामांचा विचार करताना दोन्ही जिल्ह्यांच्या न्यायालयांत चौकशी करणे इष्ट ठरते. पुढे दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये झाला. त्यापूर्वीचे तेथील काम सावंतवाडीच्या नावाने नोंदले गेलेले असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते पीठ सुरू झाले असून सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात आहे. १८१२ मध्ये कोल्हापूरच्या अंमलातून निघालेल्या मालवणचा न्यायाच्या कामी कोल्हापूरशी अशा रीतीने पुन्हा संबंध जुळला.

ई-न्यायालय प्रकल्प २००७ पासून टप्प्याटप्प्याने राबविण्यात आला. आता प्रत्येक कामास सोळा अंकाक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढील तारीख, आदेश व निकाल घरबसल्या पाहता येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपयांची तरतूद असून जुन्या अभिलेखांचे संगणकीय प्रतिमांकन हा त्यातील एक भाग आहे. तथापि संगणकावर दिसणारी प्रत आणि प्रमाणित नक्कल यांत कायद्याच्या दृष्टीने भेद आहे. हक्क सिद्ध करण्यासाठी प्रमाणित नकलेचाच आश्रय घ्यावा लागतो. मोडीतील किंवा जीर्ण कागदांची प्रतिमा घेतल्याने ते टिकतील. पण ते वाचले जातील याची शाश्वती त्यामुळे येत नाही. त्यासाठी लिपी जाणणारी माणसे आणि प्रत्येक रुमालात काय आहे हे सांगणाऱ्या याद्या यांची आवश्यकता आहे.

ऐतिहासिक मूल्य : राजकीय इतिहासाच्या साधनांत किल्ले, तह व लढाया यांना अग्रस्थान मिळते. मालवण किनाऱ्यावरील सामान्य माणसाचे जीवन मात्र न्यायालयीन कागदांत अधिक स्पष्ट दिसते. कोणाची माडबाग कोणाकडे गहाण होती, व्याजाचा दर काय होता, विधवेस पोटगी किती ठरली, देवळातील पालखीपुढे कोणी चालावयाचे, रापणीतील मासळीचे वाटे कसे पडत, यांसारख्या गोष्टी बखरीत येत नाहीत. त्या वादपत्रात व जबानीत येतात. अर्थात हे साधन सावधपणे वापरावे लागते. न्यायालयात आलेले प्रत्येक कथन एका पक्षाचे असते. जो न्यायालयाचा खर्च सोसू शकला नाही, त्याचा तंटा कागदावर उमटलाच नाही. आणि आपसांत मिटलेल्या तंट्यांचीही तीच गत असते.

गोतसभेच्या काळी निवाडा कागदावर असे, पण त्याची राखण घराणे व गाव करीत. इंग्रजी अंमलापासून ती राखण न्यायालयाच्या दप्तराकडे आली, आणि त्याबरोबर मागणाऱ्यास खरी नक्कल देण्याचे कायदेशीर बंधनही आले. कागद कोठे आहे हे नागरिकास ठाऊक नसेल, किंवा तो वेळेवर सापडत नसेल, तर हे बंधन नावापुरते राहते. म्हणून दप्तरखान्यांची निगा, त्यांच्या याद्या आणि जुन्या लिपीचे ज्ञान या गोष्टी केवळ संशोधकांच्या सोयीच्या नाहीत. सिंधुदुर्गसारख्या, वारंवार सत्तांतरे पाहिलेल्या जिल्ह्यात जमीन, वारसा व मान यांविषयी एकदा मिळालेला न्याय पुढील पिढीपर्यंत पोहोचणे त्यांवरच अवलंबून आहे.